सुरक्षितता आणि मोबदला : व्यावसायिक खेळाडूंच्या वेतनाचा एक विचार

इंडियन प्रीमियर लीगचे लिलाव बंगळूर शहरात जितके झाले तितके अन्य कोणत्याही शहरात झालेले नाहीत. २०११ आणि २०१२ साली, पुढे २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षे आणि त्यानंतर २०२२ साली हा बाजार येथे भरला. यांपैकी चार लिलावांत एकाच खेळाडूचे नाव वेगवेगळ्या किमतीने पुकारले गेले. युवराज सिंग याला २०१४ साली बंगळूरच्याच संघाने १४ कोटी रुपयांना घेतले. वर्ष संपताच मुक्त केले. २०१५ साली दिल्लीने त्याच्यासाठी १६ कोटी मोजले आणि तिनेही त्याला वर्षभरात सोडले. २०१६ साली हैदराबादने त्याला ७ कोटींना घेतले, तर २०१८ साली पंजाबने २ कोटींना. तीन वर्षांत एका माणसाच्या श्रमाचे मोल सोळावरून दोनवर आले, आणि या अवधीत त्याने कोणताही करार मोडलेला नव्हता.

या उतारावर सामान्य प्रेक्षकाची प्रतिक्रिया ठरलेली असते: कोटींची भाषा बोलणाऱ्यांना नोकरीच्या हमीची चिंता कशाला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा उलट बाजूने विचार करावयाचा आहे. हमी नाही म्हणून रक्कम मोठी आहे काय? हमी असती तर ती लहान झाली असती काय? आणि मुख्य म्हणजे, ज्याला हमीही नाही आणि मोठी रक्कमही नाही अशा खेळाडूचे काय? अर्थशास्त्रात या प्रश्नांचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेतील बेसबॉलच्या संदर्भात झाला आहे. तथापि आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि फुटबॉल या खेळांत त्याची जी रूपे दिसतात, ती काही बाबतींत बेसबॉलपेक्षाही बोधक आहेत. कारण येथे खेळाडूची सुरक्षितता बहुधा त्याच्या संघाकडून येत नाही, ती बँकेकडून, रेल्वेकडून वा पोलीस खात्याकडून येते.

अनिश्चिततेचे मोल

या विचाराचे मूळ अॅडम स्मिथपर्यंत जाते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने वेतनातील फरकांची जी पाच कारणे सांगितली, त्यांत कामाची नियमितता वा अनियमितता हे एक होते. गवंड्याला थंडीपावसात काम मिळत नाही, म्हणून काम मिळालेल्या दिवसांची मजुरी अशी असावी लागते की रिकाम्या दिवसांचेही पोट भरेल आणि त्या दिवसांच्या काळजीचीही भरपाई होईल, असे त्याचे म्हणणे. याचाच व्यत्यास असा की, ज्याला बारा महिने कामाची खात्री आहे तो कमी मजुरीवर राजी होतो. सुरक्षितता ही वेतनाचाच एक भाग होय. ती रोखीत दिसत नाही इतकेच. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही आपल्याकडील जुनी उतरंड गेल्या शतकात उलटली, ती याच हिशेबाने.

हा हिशेब अंकांत मांडून पाहू. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. एखाद्या कबड्डीपटूला एका हंगामाचे १० लाख रुपये देऊ केले आहेत. पुढील हंगामात संघ त्याला ठेवील याची शक्यता दहांत सात, आणि त्यापुढील हंगामातही तितकीच. तर तीन हंगामांची त्याची सरासरी अपेक्षित प्राप्ती १० अधिक ७ अधिक ४.९, म्हणजे २१.९ लाख रुपये झाली. आता संघमालक म्हणतो, मी तुला तीन वर्षांची पक्की हमी देतो, दुखापत झाली तरी पैसे मिळतील, मात्र दर वर्षाला ७.३ लाखच देईन. दोन्ही प्रस्तावांची सरासरी सारखीच आहे. पण घरी कर्ज असलेला, अन्य उत्पन्न नसलेला खेळाडू दुसरा प्रस्ताव आनंदाने स्वीकारील. किंबहुना मालकाने साडेसहा लाख म्हटले तरी तो सही करील. साडेसहा आणि सात पूर्णांक तीन यांतील अंतर ही त्याने निर्धास्ततेसाठी मोजलेली किंमत. मालकाकडे वीस खेळाडू असतात. एक जायबंदी झाला तर दुसरा चमकतो. त्यामुळे जोखीम सोसणे त्याला स्वस्त पडते. खेळाडूकडे मात्र एकच गुडघा असतो.

येथवर सिद्धान्त सरळ आहे: संरक्षण वाढले की रोख वेतन घटते. परंतु प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात. एक, संरक्षण असलेला माणूस वाटाघाटीत अधिक ताठ बसू शकतो; त्यामुळे त्याचे वेतन वाढण्याचीही शक्यता असते. दोन, संरक्षण कोण देतो यावर सारे अवलंबून असते. मालकाने दिले तर मालक त्याची किंमत वसूल करील. तिसऱ्याच कोणी दिले, तर ती किंमत कोणाच्या खिशातून जाते हे पाहावे लागते.

बांधलेला खेळाडू, मोकळा मालक

बेसबॉलच्या इतिहासातून यातील पहिली गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकेतील संघमालकांनी १८७९ साली आपापसांत ठरवून प्रत्येक संघातील पाच खेळाडू ‘राखीव’ केले. इतर संघांनी त्यांना बोलवायचे नाही असा तो संकेत होता. पुढे तो सर्वच खेळाडूंना लागू झाला आणि करारातील राखीव कलम म्हणून रूढ झाला. खेळाडू एका संघाशी आयुष्यभर बांधला गेला, परंतु संघ मात्र त्याला दहा दिवसांची सूचना देऊन काढू शकत असे. म्हणजे स्थैर्य होते, पण ते मालकाच्या हक्काचे होते. जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवून दिले की, या व्यवस्थेत खेळाडूच्या हाती पडणारी रक्कम त्याच्या खेळामुळे संघाला होणाऱ्या प्राप्तीच्या मानाने फारच अल्प होती. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली आपली परस्पर बदली नाकारली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९७२ साली तो हरला. जे न्यायालयात साधले नाही ते खेळाडूंच्या संघटनेने लवादापुढे साधले. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दोन गोलंदाजांच्या प्रकरणात निर्णय दिला की, राखीव कलमाची मुदत एका वर्षापुरतीच आहे. १९७६ साली बेसबॉलमधील सरासरी वार्षिक वेतन सुमारे ५१,५०० डॉलर होते. १९८० साली ते सुमारे १,४३,७०० डॉलर झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वेतनाबरोबरच हमीचे, अनेक वर्षांचे करारही याच काळात वाढले. स्मिथच्या सिद्धान्ताप्रमाणे हमी वाढली तर वेतन घटावयास हवे होते. येथे दोन्ही एकदम वाढले. याचा अर्थ सिद्धान्त खोटा ठरला असे नव्हे. खेळाडूच्या हाती नवी ताकद आली आणि त्या ताकदीचा काही भाग त्याने रोखीत घेतला, काही भाग हमीत घेतला. उत्तम खेळाडूला रक्कमही मोठी मिळते आणि मुदतही लांब मिळते. म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवले तर हमी आणि वेतन जोडीने चालतात असा भास होतो. सारख्या कुवतीच्या खेळाडूंची तुलना केली तरच हमीची किंमत दृष्टीस पडते. क्राउटमन आणि ओपनहायमर यांनी २००२ साली अशी तुलना केली, तेव्हा करार जितका लांब तितका चांगल्या कामगिरीमागे मिळणारा वेतनाचा लाभ कमी, असे आढळले. खेळाडू निर्धास्तता विकत घेत होते. दुसरीकडे केनेथ लेन यांनी १९८२ साली असे दाखविले की, लांब मुदतीचे करार आल्यावर दुखापतीमुळे संघाबाहेर बसण्याचे दिवसही वाढले. मालकवर्ग या निष्कर्षाचा उपयोग आळसाचा पुरावा म्हणून करतो. मला तो अपुरा वाटतो. हमी नसलेला खेळाडू दुखऱ्या खांद्याने खेळत राहतो, ही त्याच आकड्यांची दुसरी बाजू असू शकते.

आता बंगळूरच्या लिलावमंडपात परत येऊ. तेथे विकला गेलेला खेळाडू पुढील मोठ्या लिलावापर्यंत त्या संघाचा होतो. मध्यंतरी अधिक चांगली संधी चालून आली तरी तो स्वतःहून जाऊ शकत नाही. रवींद्र जडेजाने करारात असताना दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याला २०१० चा संपूर्ण हंगाम बंदी सोसावी लागली. संघ मात्र प्रत्येक हंगामाच्या शेवटी त्याला मुक्त करू शकतो. पवन नेगी याला २०१६ साली बंगळूरच्या लिलावात दिल्लीने साडेआठ कोटींना घेतले. वर्षभराने त्याच शहरात त्याची किंमत एक कोटी ठरली. कर्नाटकाचा कृष्णप्पा गौतम २०२१ साली चेन्नईच्या संघात सव्वानऊ कोटींना गेला, संपूर्ण हंगामात एकही सामना न खेळता बाहेर बसला, आणि २०२२ साली बंगळूरच्या लिलावात त्याला ९० लाख मिळाले. जुन्या बेसबॉलमधील राखीव कलम आणि दहा दिवसांची सूचना या दोहोंचे हे सौम्य रूप आहे असे म्हणता येईल. सौम्य अशासाठी की, ठराविक वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात.

मग अनिश्चिततेची भरपाई म्हणून रक्कम मोठी आहे, हे खरे का? अंशतः खरे. पण त्या रकमेवर दुसरीकडून झाकण आहे. प्रत्येक संघाने किती खर्च करावा याची मर्यादा क्रिकेट नियामक मंडळ ठरविते. २०१८ साली ही मर्यादा ८० कोटी होती आणि संघ आठ होते. म्हणजे सर्व संघांची मिळून ६४० कोटी. २०२५ च्या हंगामासाठी मर्यादा १२० कोटी झाली आणि संघ दहा. एकूण १,२०० कोटी. वाढ पावणेदोन पटींहून थोडी अधिक. याच अवधीत प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटींवरून ४८,३९० कोटींवर गेले, म्हणजे जवळजवळ तिप्पट झाले. खेळाडूंच्या अनिश्चिततेत या काळात काही घट झाली नाही. प्राप्तीतील त्यांचा वाटा मात्र मागे पडला. याचे कारण स्मिथच्या गवंड्यात सापडत नाही, वाटाघाटीच्या मेजावर सापडते. बेसबॉलमध्ये खेळाडूंची संघटना १९६८ पासून मालकांशी सामूहिक करार करीत आली आहे. आपल्याकडे २०१९ साली मंडळाच्या मान्यतेने जी भारतीय क्रिकेटपटू संघटना स्थापन झाली ती निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानावर असलेल्यांच्या वतीने झाकण किती उंच असावे हे विचारणारा कोणी नाही.

कायद्याचा आधार कितपत मिळतो? या संदर्भात श्रीरामपूरच्या झहीर खानचे प्रकरण महत्त्वाचे आहे. त्याच्या जाहिरातींचे व्यवहार पाहणाऱ्या परसेप्ट डीमार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यानंतरही, दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आल्यास प्रथम आम्हाला ती संधी दिली पाहिजे, असे कलम त्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हे कलम भारतीय करार कायदा, १८७२ मधील २७ व्या कलमाच्या विरुद्ध ठरविले. करार संपला की माणूस मोकळा, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. प्रकरण खेळण्याच्या कराराचे नव्हते, जाहिरातींचे होते, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तथापि त्यातून एक गोष्ट उघड होते: आपला कायदा खेळाडूच्या जाण्याच्या हक्काचे रक्षण करतो, राहण्याच्या हक्काचे नव्हे. (पुढे झहीर बंगळूर आणि मुंबई या संघांमध्ये रॉबिन उथप्पाच्या बदल्यात गेला आणि २०११ च्या लिलावात पुन्हा बंगळूरकडे आला. खेळाडू आणि संघ यांचे नाते किती प्रवाही असते, याचा हा एक नमुना.)

नोकरी नावाचा विमा

वरील विवेचन मोजक्या शेदोनशे खेळाडूंचे झाले. भारतीय खेळाडूंच्या फार मोठ्या वर्गाला सुरक्षितता ज्या मार्गाने मिळाली, तो मार्ग निराळाच आहे. अजित वाडेकर भारतीय संघाचे कर्णधार होते आणि स्टेट बँकेचे अधिकारीही होते. बंगळूरमध्ये गुंडाप्पा विश्वनाथ यांचीही नोकरी स्टेट बँकेतच. सुनील गावसकर निरलॉनमध्ये, दिलीप वेंगसरकर टाटांकडे. मुंबईतील टाइम्स ढाल स्पर्धेत ही कार्यालये आपापसांत झुंजत, आणि संघ चांगला व्हावा म्हणून खेळाडूंना नेमत. त्या काळी कसोटी सामन्याचे मानधन अल्प होते, आणि तरीही उत्तम मध्यमवर्गीय मुले क्रिकेटकडे वळत होती, हे कोडे या नोकरीने सुटते. मंडळ कमी देऊ शकत होते, कारण उरलेले बँक देत होती. सुरक्षिततेची किंमत खेळाडूने मंडळाला मोजली नाही. ती बँकेने आणि कंपनीने सोसली, आणि मंडळाच्या तिजोरीला त्याचा आधार झाला.

मंडळाने स्वतः वार्षिक करार सुरू केले ते २००४ साली. पहिल्या श्रेणीला ५० लाख, दुसरीला ३५ आणि तिसरीला २०. २०१८ साली सर्वोच्च श्रेणीची रक्कम ७ कोटी झाली. ही हमी वर्षापुरतीच असते आणि ती शिस्तीचे साधनही ठरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावे या यादीतून गळाली; त्याच वर्षी नोव्हेंबरात अय्यरला लिलावात पावणेसत्तावीस कोटी मिळाले आणि एप्रिल २०२५ मध्ये दोघेही यादीत परतले. अशा माणसाला हमीची उणीव भासत नाही. ती भासते रणजी खेळणाऱ्याला. २०२१ साली मंडळाने चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यांसाठी दिवसाला ६०,००० रुपये मानधन ठरविले. चार दिवसांचा सामना धरला तर २ लाख ४० हजार, साखळीतील सातही सामने खेळायला मिळाले तर १६ लाख ८० हजार. आकडा वाईट नाही. पण ‘खेळायला मिळाले तर’ हे तीन शब्द त्यात आहेत, आणि स्मिथचा गवंडी याच शब्दांवर बोट ठेवील.

हमी मिळाली की माणूस सुस्तावतो, या आक्षेपाला रेल्वेच्या संघाने मैदानावर उत्तर दिले आहे. बहुतांशी नोकरदारांच्या या संघाने २००१-०२ आणि २००४-०५ अशी दोनदा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. उलट महेंद्रसिंग धोनीने खरगपूरची तिकीट तपासनिसाची नोकरी सोडली, आणि ती न सोडती तर काय झाले असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. नोकरी टिकविण्यासाठी हजर राहावे लागते. मोठ्या खेळासाठी कधी तरी गैरहजर राहावे लागते. सुरक्षिततेची ही किंमत पगारपत्रकात येत नाही.

महिला क्रिकेटच्या बाबतीत तर रेल्वे हाच दीर्घकाळ मुख्य आधार होता. मंडळाने महिलांना वार्षिक करार दिले ते २०१५ साली. त्यापूर्वी मिताली राजसारखी खेळाडू रेल्वेच्या नोकरीवर उभी होती. झूलन गोस्वामी एअर इंडियात. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिलांचा पहिला लिलाव झाला आणि सांगलीच्या स्मृती मानधनासाठी बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाख मोजले. तिच्या वार्षिक कराराची रक्कम त्या वेळी ५० लाख होती. हमीची रक्कम एक, तर अनिश्चित बाजाराची जवळजवळ सातपट. पुरुषांत सर्वोच्च श्रेणीचे ७ कोटी आणि विराट कोहलीला बंगळूरने २०२५ साठी दिलेले २१ कोटी, म्हणजे तिप्पट. हे प्रमाण स्त्रियांच्या बाबतीत इतके अधिक का, याचे कारण बाजार उदार आहे असे नसून हमीची पातळीच ठेंगणी आहे असे दिसते.

कबड्डीकडे वळल्यावर तिसऱ्या पक्षाने दिलेल्या हमीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. गिरणगावातील कबड्डीला गिरण्यांनी पोसले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि खेळाडू बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया, रेल्वे आणि पोलीस यांच्या आश्रयाला आले. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वाधिक बोली राकेशकुमार या रेल्वेच्या खेळाडूवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. लीग नवी होती, प्राप्तीचा भरवसा नव्हता, हे खरेच. परंतु खेळाडूचा बारमाही पगार दुसरीकडून येत होता म्हणूनच तो इतक्यात मैदानात उतरू शकला, हेही तितकेच खरे. ज्याचे घर रेल्वे चालविते तो दोन महिन्यांच्या लीगसाठी कमी रक्कम स्वीकारू शकतो; त्याचबरोबर, जोखीम घेऊ नये असे वाटले तर तो घरी बसूही शकतो. पहिली गोष्ट बोली खाली खेचते, दुसरी वर ढकलते. वरील उदाहरणातील कबड्डीपटू रेल्वेत असता, तर मालकाच्या साडेसहा लाखांवर त्याने मुळीच सही केली नसती. निर्धास्तता त्याच्याकडे आधीच होती, ती पुन्हा विकत कशाला घ्यावी?

पवन सेहरावत याचे प्रकरण या दृष्टीने पाहावे. रेल्वेचा हा चढाईपटू बंगळूर बुल्सकडून नावारूपाला आला. २०२२ साली तमिळ थलायवाज संघाने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले. हंगामाचा आरंभ बंगळूरच्याच कंठीरव क्रीडागारात झाला आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. उरलेला हंगाम तो खेळला नाही. सिद्धान्तानुसार पुढील बोली कोसळावयास हवी होती. २०२३ साली तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. अव्वल खेळाडूला बाजार क्षमा करतो. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईची बोली २०१८ मधील ३६ लाख ४० हजारांवरून २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांवर गेली, तीही याच बाजारात. पण किमान बोलीवर घेतलेल्या, नोकरी नसलेल्या बचावपटूचा गुडघा दुखावला तर त्याला दुसरा लिलाव बहुधा पाहावयास मिळत नाही. आणि त्याची बोली कमी असते ती त्याला हमी आहे म्हणून नव्हे, नकार देण्याची ऐपत नाही म्हणून. अनिश्चितता सर्वांत जास्त आणि तिची भरपाई सर्वांत कमी, असे हे टोक आहे. भरपाईचा सिद्धान्त नकार देऊ शकणाऱ्या माणसाला गृहीत धरतो, ही त्याची मर्यादा येथे उघडी पडते.

बंगळूरच्या फुटबॉलमध्ये दोन्ही व्यवस्था एकाच शहरात पाहावयास मिळाल्या. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांचे संघ म्हणजे कारखान्याचे कामगारच. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा संघ आय-लीगपर्यंत पोहोचला. पैशाने विकत घेतलेल्या संघांपुढे तो तोकडा पडला आणि खाली घसरला. पण हरणाऱ्या खेळाडूचा पगार पहिल्या तारखेला होत होता. २०१३ साली बेंगळुरू एफसी हा पूर्ण व्यावसायिक संघ स्थापन झाला आणि पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली. मोबदला, सरावाच्या सोयी, वैद्यकीय पथक, सर्वच बाबतींत तो जुन्या संघांच्या फार पुढे होता. ऑगस्ट २०२५ मध्ये, इंडियन सुपर लीग पुढे होणार की नाही याविषयी अनिश्चितता असल्याने, या संघाने आपल्या पहिल्या चमूतील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविल्याचे जाहीर केले. लेखी करार असूनही लीगच डळमळली की करारातील हमी कितपत उरते, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत आपल्याकडे कोणी फारसा विचारला नव्हता.

निवृत्तीनंतरची सुरक्षितता हा या विषयाचा आणखी एक पदर आहे. मंडळाने जून २०२२ मध्ये माजी क्रिकेटपटूंचे निवृत्तिवेतन वाढविले. ज्यांना महिना १५,००० मिळत होते त्यांना ३०,०००, ज्यांना ५०,००० त्यांना ७०,०००. कबड्डीच्या लीगमध्ये अशी तरतूद नाही. तेथे निवृत्तिवेतन मिळते ते नोकरीचे, आणि क्रीडा कोट्यातील नोकऱ्या खाजगीकरणाच्या काळात आटत आहेत. एअर इंडिया २०२२ साली टाटांकडे गेली, तेव्हा शासकीय आश्रयाचे एक जुने दार मिटले. नोकऱ्या कमी होतील तसतसा खेळाडू लीगकडेच सुरक्षितता मागू लागेल, आणि मग आजवर तिसऱ्याने उचललेला भार कोणी उचलायचा हा प्रश्न संघमालकांपुढे येईल.

१५ डिसेंबर २०२४ रोजी बंगळूरमध्ये महिलांच्या लीगचा लहान लिलाव झाला. धारावीची सिमरन शेख त्यात होती. २०२३ चा हंगाम ती खेळली होती. पुढच्या लिलावात तिला कोणीही घेतले नव्हते. या वेळी गुजरातच्या संघाने तिच्यासाठी १ कोटी ९० लाख मोजले आणि त्या दिवशीची ती सर्वांत महाग खेळाडू ठरली. मधल्या वर्षात लीगकडून तिला मिळालेली रक्कम शून्य होती.